हँडब्रेकचा नट आवळण्याआधी ड्रम उघडा

जुनी गाडी सांभाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मोबाईलवर कधी ना कधी एक सल्ला येऊन पडलेला असतो. हँडब्रेक धरत नसेल तर केबल ताणली गेली आहे असं समजा. लिव्हरखालचा नट आवळा, दोन-तीन खटक्यांत लिव्हर घट्ट झाला की काम झालं. ड्रममध्ये, म्हणजे मागच्या चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या गोल डब्यात, गंज असेल तर फटीतून गंज सोडवणारा स्प्रे मारा. एवढं करूनही धरत नसेल तर गाडी गिअरमध्ये लावून ठेवा. आणि हँडब्रेक कमी वापरा, म्हणजे जास्त टिकतो. पाचही गोष्टी ऐकायला सोप्या आहेत, म्हणूनच पुढे पुढे जातात. त्यातल्या चार चुकीच्या आहेत आणि एक अर्धीच खरी आहे. हे वाचून कोणी आज संध्याकाळी पाना हातात घेणार असेल, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात केबलपासून. हँडब्रेकची केबल म्हणजे आवरणातून जाणारी पोलादी तार. नवी बसवल्यावर ती थोडी ताणते, जागेवर बसते, आणि त्यानंतर तिची लांबी फारशी बदलत नाही. वर्षानुवर्षं बदलत जाते ती ब्रेक शूवरच्या लायनरची जाडी. शू म्हणजे ड्रमच्या आतून टेकून चाक धरणारे दोन कमानदार तुकडे, आणि लायनर म्हणजे त्यांच्यावरचा घर्षणाचा थर. ड्रमच्या आत केबल एक छोटा लिव्हर ओढते. तो एका शूला जोडलेला असतो आणि मधल्या पट्टीच्या आधाराने दोन्ही शू बाहेर ढकलून ड्रमला टेकवतो. लायनर झिजला की शू आणि ड्रममधलं अंतर वाढतं, आणि ते भरून काढायला केबलला जास्त ओढावं लागतं. हे अंतर आपोआप कमी करण्यासाठी बहुतेक ड्रममध्ये सेल्फ अ‍ॅडजस्टर असतो. जुन्या गाडीत तो गंजून अडकलेला असतो, त्याचे दाते झिजलेले असतात, किंवा मागच्या दुरुस्तीत डाव्या बाजूचा उजवीकडे बसवलेला असतो. दातेरी चाकाच्या अ‍ॅडजस्टरचे आटे दोन्ही बाजूंना उलटे असतात, त्यामुळे अदलाबदल झाली की तो अंतर कमी करण्याऐवजी वाढवतो.

म्हणजे सैलपणा ड्रममध्ये आहे आणि आपण तो लिव्हरखाली आवळून झाकतो. नुसतं झाकलं जातं एवढंच नाही. नट जास्त आवळला की ड्रममधला तो छोटा लिव्हर मूळ जागी परत येत नाही, कायम थोडा ओढलेलाच राहतो. अनेक रचनांमध्ये सेल्फ अ‍ॅडजस्टर तो लिव्हर पूर्ण मागे आल्यावरच नीट काम करतो. तुमच्या गाडीची रचना तशी असेल, तर अ‍ॅडजस्टर चांगला असला तरी नट आवळून तुम्ही तो बंद पाडला.

क्रम उलटा हवा. आधी लिव्हरकडचा नट पुरता सैल करायचा. मग ड्रम काढून लायनर, स्प्रिंगा, व्हील सिलिंडर (पायाचा ब्रेक दाबल्यावर ऑइलच्या दाबाने शू ढकलणारा भाग) आणि अ‍ॅडजस्टर पाहायचे. जे बदलायचं ते दोन्ही बाजूंना एकाच वेळी बदलायचं. ड्रमवर त्याचा कमाल व्यास कोरलेला असतो, झीज त्याच्या पलीकडे गेली असेल तर नवे लायनर लावूनही उपयोग नाही. त्यानंतर अ‍ॅडजस्टर फिरवून शू ड्रमच्या जवळ आणायचे, चाक हाताने मोकळं फिरेल इतपत. पायाचा ब्रेक काही वेळा दाबून शू मधोमध बसवायचे, आणि केबलचा सैलपणा काढायचा तो सगळ्यात शेवटी. या कामात हँडब्रेक सोडलेला असतो, त्यामुळे पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय आणि गाडी स्टँडवर टेकवल्याशिवाय खाली हात घालू नका. नुसता जॅक पुरेसा नाही.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांतही तत्त्व हेच. डिस्कला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरवरच हँडब्रेकचा लिव्हर असेल तर केबल सैल असताना तो त्याच्या थांब्याला टेकलेला दिसला पाहिजे. टेकत नसेल तर केबल आधीच जास्त आवळलेली आहे किंवा कॅलिपर अडकला आहे. काही गाड्यांत डिस्कच्या आत हँडब्रेकपुरता छोटा ड्रम असतो. तो बहुधा गाडी उभी असतानाच लागतो, त्यामुळे लायनर फारसा झिजत नाही. तिथे कमजोरी येते ती बहुतेक गंजामुळे, काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या लायनरमुळे किंवा अडकलेल्या केबलमुळे.

आता खटक्यांकडे. किती खटक्यांत ब्रेक धरायला हवा हा आकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो आणि गाडीगणिक वेगळा असतो. त्याहून कमी खटक्यांत घट्ट झालेला लिव्हर म्हणजे चांगला ब्रेक नव्हे. बऱ्याचदा त्याचा अर्थ लिव्हर सोडल्यावरही शू ड्रमला घासत राहणार असा असतो. घासून ड्रम तापतो, ती उष्णता व्हील सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ आणि डॉट ४ या ब्रेक ऑइलच्या प्रती आहेत. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी मुरलेल्या ऑइलसाठी मर्यादा १४० अंशांची आहे. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. जुनं ऑइल, तापलेला ड्रम आणि लांबचा उतार एकत्र आले तर ऑइल उकळून त्यात वाफ होते आणि पायाखालचा ब्रेक स्पंजासारखा होऊ शकतो. हँडब्रेक दुरुस्त करायला निघालेल्या माणसाने मुख्य ब्रेक धोक्यात घातलेला असतो.

खटके मोजण्यापेक्षा लिव्हर हाताला काय सांगतो ते ओळखा. या सल्ल्यात नेमकं हेच राहून जातं. लिव्हर खूप वर येतो पण शेवटी गाडी पक्की धरतो, तर प्रश्न अंतराचा आहे: लायनर झिजलाय किंवा अ‍ॅडजस्टर अडकलाय. लिव्हर थोड्याच खटक्यांत कडक होतो आणि तरी गाडी सरकते, तर प्रश्न पकडीचा आहे: लायनरवर ऑइल आहे, तो गुळगुळीत झालाय, किंवा केबल आवरणात गंजून अडकली आहे आणि तुमचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. इथे नट आवळून काहीच साधणार नाही, तार मात्र तुटू शकते. लिव्हर एकाएकी पोकळ लागला तर तार तुटली किंवा कुठूनतरी निसटली. आणि मागची चाकं उचलून लिव्हर ओढल्यावर एक चाक धरतं, दुसरं हाताने फिरतं, तर बिघाड त्या दुसऱ्या बाजूचाच आहे. ही एवढी तपासणी केली तरी अर्धं निदान होतं.

हँडब्रेकला करावं लागणारं काम नेमकं केवढं मोठं आहे याचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. संयुक्त राष्ट्रांच्या नियम १३-एच प्रमाणे हँडब्रेकने भरलेली गाडी २० टक्के चढ-उतारावर धरून ठेवली पाहिजे, आणि त्यासाठी हाताने लावायचा जोर ४०० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ४० किलोपेक्षा, जास्त लागता कामा नये. भरलेली गाडी १२०० किलोची धरली तर अशा उतारावर तिला खाली ओढणारा जोर सुमारे २३५ किलो वजनाइतका असतो. बहुतेक गाड्यांत तो मागच्या दोन चाकांतल्या चार लायनरांनी पेलायचा असतो.

स्प्रेचा सल्ला सगळ्यात घातक आहे. लायनर घर्षणावर चालतो आणि तुम्ही त्यावर तेल उडवता. गंज सुटेलही, पण तेल लायनरमध्ये मुरतं आणि असा लायनर पुसून परत वापरण्यासारखा राहत नाही. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवू नका हेही इथेच सांगतो. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनरने ती ओली करून पुसून घ्यायची.

माझ्या जुन्या गाडीत मी याच सल्ल्याने दोनदा नट आवळला होता. दोन्ही वेळा काही दिवस बरं वाटलं, मग गाडी पुन्हा उतारावर हळूच सरकायला लागली. तिसऱ्यांदा आवळायला आटेच उरले नव्हते, म्हणून ड्रम उघडला. डाव्या बाजूचा व्हील सिलिंडर गळत होता आणि दोन्ही लायनर ब्रेक ऑइलने भिजलेले होते. त्याच काळात बॉनेटखालच्या डबीतली ऑइलची पातळी उतरत होती आणि मी ती वरून भरत होतो. हँडब्रेक मला गळती दाखवत होता आणि मी त्याला दोन महिने गप्प बसवलं. त्या दोन महिन्यांत घरची माणसं त्या गाडीत बसली होती, ही गोष्ट मी विसरलेलो नाही.

गाडी गिअरमध्ये लावावी, हे खरं आहे. चढावर तोंड असेल तर पहिला, उतारावर असेल तर रिव्हर्स. पण हे हँडब्रेकच्या जोडीला करायचं, त्याच्या बदल्यात नव्हे. गिअरमध्ये गाडी धरते ती बंद इंजिनातल्या हवेच्या दाबाने. जुन्या इंजिनात रिंगा झिजलेल्या असतात, दाब हळूहळू झिरपतो आणि गाडी एकेक हिसका घेत खाली येऊ शकते. ऑटोमॅटिकमध्ये पीवर, म्हणजे पार्कवर, टाकल्यावर सगळा भार एका छोट्या धातूच्या दात्यावर येतो. म्हणून आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक सोडून भार हँडब्रेकवर येऊ द्यायचा आणि त्यानंतर पी. शिवाय पायाच्या ब्रेकचं ऑइल संपलं, पाइप फुटला, तर तारेने चालणारा हा एकच ब्रेक हाताशी उरतो. ते काम गिअर करू शकत नाही.

राहिलं कमी वापरण्याचं. न हलणारी तार आवरणात गंजते, छोटा लिव्हर खिळीत जाम होतो. रोज लावलेला हँडब्रेक बहुधा जास्त चांगला राहतो. अपवाद एकच: गाडी ओली असताना कित्येक आठवडे उभी करायची असेल तर लायनर ड्रमला चिकटू शकतो. तेव्हा सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा.

काम झाल्यावर पाच-सहा किलोमीटर चालवून या, शक्य तितका कमी ब्रेक वापरून. थांबल्यावर दोन्ही मागच्या चाकांजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. एका चाकातून जास्त धग येत असेल तर त्या बाजूचा शू घासतोय. गाडी पुन्हा उचला आणि त्या बाजूचा अ‍ॅडजस्टर एक-दोन दात मागे घ्या.