उतरायचा खर्च

फ्रान्सच्या आल्प्समध्ये आल्प-द्युएझजवळ ‘मेगाव्हलांश’ नावाची सायकल शर्यत १९९५पासून होते. केबल कार तुम्हाला सायकलीसकट ३,३३० मीटर उंचीच्या पिक ब्लाँवर नेऊन सोडते. मग शेकडो जण एकदमच बर्फाच्या उतारावरून सुटतात, ते अडीच हजार मीटर खालच्या दरीत पोहोचेपर्यंत.

या शर्यतीत उतरायचं ठरवलं आणि आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे रायगडासारखा रोपवे आहे ना? मग येतानाही त्यातूनच ये की!”

ते ऐकलं असतं तर पुढचा खर्च वाचला असता. कारण सायकल घ्यायची म्हणजे म्युनिकमधल्या प्रत्येक ओळखीच्या सायकलवाल्याचं ऐकून घ्यायचं. एक म्हणाला, २०० मिलिमीटर दबणाऱ्या सस्पेन्शनची, फक्त उतारासाठीची अस्सल डाउनहिलच घे. दुसरा म्हणाला, वेड लागलंय का, मध्ये चढही आहेत, ते १६-१७ किलोचं धूड ढकलत नेशील. म्हणून १६०-१७० मिलिमीटरची एंड्युरो, म्हणजे चढही चढू शकणारी सायकल ठरली. मग चाकं. पुढचं २९ इंची, मागचं साडेसत्तावीस. मागचं लहान का, तर माझ्यासारख्या बेताच्या उंचीच्या माणसानं तीव्र उतारावर बूड मागे सरकवलं की मोठं चाक त्याला घासतं. सायकलच्या दुकानात हे प्रात्यक्षिकासह समजावून सांगितलं गेलं. बघायला गर्दी होती.

टायरांचं प्रकरण तर मिटतच नाही. बर्फावर पकड यावी म्हणून हवा कमी ठेवायची. खाली खडकांवर तेवढ्याच हवेनं गेलात की रिमचा चुराडा. मध्ये थांबून पंप मारावा, तर मागून येणारे शेकडो जण काही ‘सावकाश होऊ द्या’ म्हणणार नाहीत. तोडगा म्हणजे जाड दुहेरी कडांचे ट्यूबलेस टायर, एकेक किलोच्या वरचे. पेडल साधी. पेडलला अडकणारे क्लिपचे बूट बर्फावर चालायला निरुपयोगी, आणि बर्फावर मी बहुतेक चालणारच होतो.

ब्रेकबद्दल मात्र कोणाचंच दुमत नव्हतं. सतत दाबून ठेवले की डिस्क तापते, तेल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि लिव्हर सरळ हँडलला टेकते. सायकल आपली जातच राहते. म्हणून चार पिस्टनचे ब्रेक, आणि उष्णता सोसणारे धातूचे पॅड. ते ओले झाले की असे किंचाळतात, की घंटी लावायची गरजच नाही.

एवढं झाल्यावर मित्रानं पात्रता फेरीची आठवण केली. तिच्यातल्या क्रमांकावर मुख्य शर्यतीतली रांग ठरते.

“काहीही कर, पण पुढची रांग मिळव,” तो म्हणाला. “मधल्या रांगेत पुढचे पडले की तू त्यांच्यावर पडतोस आणि मागचे तुझ्यावर.”

“आणि अगदी शेवटची मिळाली तर?”

“तर तुझ्यावर कोणी पडणार नाही.”

त्याच संध्याकाळी मी ब्रेकच्या २०३ मिलिमीटरच्या मोठ्या डिस्क मागवल्या. दोन्ही चाकांना.