जात्याची तळी

मागच्या सप्टेंबरात कासची फुलं बघून आम्ही यवतेश्वरच्या घाटानं साताऱ्यात उतरत होतो. निम्म्या घाटात करपल्याचा वास सुटला. बायको म्हणाली, "अहो, कुणाचं तरी थालीपीठ लागलं." थालीपीठ नव्हतं, आमचे ब्रेक होते. पेडल खाली जात होतं आणि गाडीला त्याचा पत्ता नव्हता.

रात्रीच मी निदान केलं : मागचे ड्रम, म्हणजे चाकातले बंद डब्यासारखे ब्रेक. पुढे उघड्या चकतीची डिस्क आणि मागे ड्रम म्हणजे वर कोट आणि खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी. पेट्रोल वाचावं म्हणून मी घाट न्यूट्रलमध्ये उतरतो आणि सगळा भार ब्रेकवरच येतो, ही किरकोळ बाब निदानातून वगळली.

मिस्त्रीनं ड्रम उघडला, काळी पूड फुंकली. "सायेब, लायनर बदलू, ड्रम लेथवर फिरवून आणू. दीड हजारात काम."

"डिस्क बसवायच्या."

त्यानं समजावलं. ब्रेक मारला की भार पुढं जातो, मागची चाकं हलकी होतात. तिथं ब्रेक जादा लागला तर तीच आधी घसरतात. "पावसात बूड पुढं यील." पण मी चौदा व्हिडिओ बघितले होते आणि त्यानं एकही नाही.

मग भंगारातून वरच्या मॉडेलचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून पॅडनं आवळणारे चिमटे, आले. ब्रॅकेट लेथवर बनवून घेतले. कॅलिपर रिमला घासायला लागले, म्हणून मागं 14 इंची रिम घेतले, त्यामुळे 13 इंची स्टेपनी आता फक्त पुढच्या चाकांच्या उपयोगाची उरली. दीड हजाराचे 31,000 झाले. घरी मी 9,000 सांगितले.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायच्या दिवशी मिस्त्रीचा पोरगा गावच्या जत्रेला गेलेला. डबा घेऊन आलेल्या माझ्या बायकोलाच मिस्त्रीनं स्टिअरिंगमागे बसवलं. पेडलपुढच्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. मिस्त्री चाकाशी उकिडवा. हवा सोडायच्या निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत.

"वैनी, तीनदा मारा आन् धरा!"

"धरलं!"

त्यानं पाना फिरवला. नळीतून बुडबुडे, मागून ब्रेक ऑइल.

"सोडू?"

"सोडू नगा! निप्पल उघडाय, हवा आत वडंल!"

तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. तिनं फोन धरला आणि पेडल सोडलं. बाटलीतलं ऑइल सुरकन परत नळीत चढताना मी डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून. असं चार वेळा. माझ्या हातून ऑइल मडगार्डवर सांडलं, तिथला रंग सुरकुतून वर आला. शेवटी खिडकीतून आवाज आला, "तेवीस वर्षांत मला गाडी चालवायला दिली नाहीत, आज नुसते ब्रेक मारायला बसवलंत!" मिस्त्री चाकाआड खाली मान घालून पाना पुसत राहिला.

विमा एजंट असलेल्या शेजाऱ्यांनी मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 वाचून दाखवलं : कंपनीनं मुळात दिलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल गाडीत करायचा नाही. आरसीत ब्रेक कुठे नोंदलेत ते मी भिंग घेऊन शोधलं. सापडले नाहीत, तरी मागची चाकं धुणं मी बंद केलं आहे.

खरी गंमत हँडब्रेकची. आम्ही राहतो माची पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, गल्ली उताराची. ड्रममध्ये लायनरचा शू एकदा टेकला की फिरू बघणारा ड्रमच त्याला आणखी घट्ट स्वतःकडे ओढून घेतो, म्हणून केबलला नुसतं बोट लावलं तरी पुरतं. डिस्कला ती सोय नाही, पॅड ताकदीनंच आवळावे लागतात, आणि आमच्या केबलची ओढ त्या भंगारातल्या कॅलिपरला पुरेना. पहिल्याच रात्री गाडी हँडब्रेकसकट चार फूट खाली गेली आणि समोरच्यांच्या तुळशीला टेकून उभी राहिली. तेव्हापासून चाकामागे आईच्या जात्याची तळी लावतो.

यंदा पुन्हा कासला निघालो. बायकोनं थालीपिठं, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या भरल्या आणि दारातूनच विचारलं, "तळी घेतली का?"

परतताना अख्खा घाट उतरलो, वास नाही, काही नाही. पोवई नाक्यावर मी म्हणालो, "बघितलंस? डिस्कचा गुण!"

ती काहीच बोलली नाही. घाटभर मी ज्या दांड्यावर हात ठेवून होतो तिकडे बघत होती. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती.