'धीर धरा' म्हणण्याआधी घरात थर्मामीटर आहे का बघा

कॅन्सरच्या पेशंटला भेटून निघताना दारात उभं राहून प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: "धीर धरा, मन खंबीर ठेवा." बोलणाऱ्याच्या मायेबद्दल शंका नाही. पण तोंडात फोड आहेत, चार दिवस पोट साफ नाही, दुखण्याने रात्रभर डोळा लागत नाही, अशा माणसाने धीर आणायचा कुठून? आणि नाही आणता आला, तर 'मीच कमी पडतोय' हेही ओझं त्याच्याच डोक्यावर. रडू आलं तर त्याला रडू द्या. रडल्याने गाठ वाढत नाही.

माझं ठाम मत आहे की केमोतला माणूस खचतो तेव्हा बहुतेक वेळा आधी त्याचं शरीर बेजार झालेलं असतं. त्या बेजारीतल्या कितीतरी गोष्टींवर कमी पैशांत इलाज आहे. तो झाला की माणूस आपणहून पुढच्या आठवड्याबद्दल बोलायला लागतो.

सगळ्यात आधी ताप. पुष्कळ केमो २१ दिवसांच्या फेरीत असतात, आणि सलाईननंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली उतरतात. कॅलेंडरवर ते दिवस लाल पेनाने गोल करून ठेवा. या काळात ताप १०० पूर्णांक ४ फॅरनहाइट झाला, की क्रोसिन देऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. गोळीने आकडा उतरतो, जंतुसंसर्ग आत वाढत राहतो. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी दवाखाना गाठायचा आणि दारातच सांगायचं, "केमो चालू आहे, ताप आहे." अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हावं लागतं. म्हणून थर्मामीटर, फाईल आणि रिक्षावाल्याचा नंबर एकाच जागी हवा. ही तयारी असलेल्या घरात रात्री सगळ्यांनाच झोप जरा बरी लागते.

दुसरं पाणी, आणि हे खास आपल्या सोलापूरकरांसाठी. नळाला पाणी काही दिवसांआड, त्यामुळे बॅरलमध्ये, हौदात, टाकीत साठवलेलं पाणी प्यायची आपल्याला सवय. पेशी उतरलेल्या माणसाला ते सोसत नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्या, झाकून गार करा, तोटीच्या भांड्यात भरा. तांब्या बुडवला की उकळण्यावर पाणी पडलं. विकतच्या जारचं पाणीही उकळूनच. एप्रिल-मेच्या उन्हात पेशंटची लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय असं समजा. फिरायचं ते सकाळी आठच्या आत, दहा मिनिटं पुरेत. थकवा आहे म्हणून दिवसभर पडून राहिलं की थकवा अजून वाढतो, हे घरच्यांना पटत नाही, पण खरं आहे.

तोंड आलं की जेवण सुटतं आणि जेवण सुटलं की हिंमत सुटते. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा (धुण्याचा नाही!) घालून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरायची. पाणी रोज नवीन. बाजारातली झोंबणारी माउथवॉश बंद. ब्रश मऊ. मिशरी आणि गुटखा तर चिमूटभरही नको: तोंडाच्या कॅन्सरमध्ये शेक (रेडिएशन) चालू असताना तंबाखू चालू राहिली तर उपचाराचा असर कमी होतो. शेक सुरू होण्याआधी दातांच्या डॉक्टरांना दाखवून घ्या, नंतर दात काढणं जबड्याला महागात पडतं. आणि जबडा आवळतोय का ते रोज बघा: स्वतःचीच तीन बोटं एकावर एक उभी तोंडात जायला हवीत. जात नसतील तर फिजिओथेरपिस्टकडून तोंड उघडण्याचे व्यायाम लगेच शिकून घ्या. एकदा घट्ट बसलेला जबडा पुन्हा सुटायला फार त्रास देतो.

खाण्यात आपली कडक भाकरी आणि झणझणीत शेंगा चटणी काही दिवस बाजूला. ताजी मऊ भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, ताकात शिजवलेली ज्वारीची आंबील, पूर्ण उकडलेलं अंडं, बिनतिखटाचं शेंगदाण्याचं कूट. एकही शेंगदाणा कडू किंवा बुरसलेला लागला तर अख्खी पिशवी फेकून द्या. ताटभर जेवणाचा आग्रह नको, दर दोन तासांनी वाटीभर द्या. मळमळीची गोळी उलटी झाल्यावर उपयोगाची नाही, डॉक्टरांनी लिहिलेल्या वेळेला आधीच घ्यायची. आठवड्यातून एकदा त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवा.

मळमळीच्या गोळीने बद्धकोष्ठ होतं, हे फार घरांत कुणी सांगत नाही. दुखण्यावरच्या मॉर्फिननेही होतं. म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून डॉक्टरांना मागून घ्या. मॉर्फिनवर असताना नुसतं इसबगोल पुरत नाही, पाणी कमी पिणाऱ्याचं तर त्याने उलट अडतं. 'मॉर्फिन म्हणजे शेवट आला' आणि 'सवय लागेल' या दोन भीतींपायी माणसं विनाकारण तळमळतात. कॅन्सरच्या दुखण्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घड्याळ लावून घेतलेल्या मॉर्फिनने माणूस उठून बसतो, नातवंडांशी बोलतो. दुखेपर्यंत थांबून घेतलेल्या गोळीला दुपटीने काम करावं लागतं.

"त्यांना सांगू नका" असं डॉक्टरांना कोपऱ्यात गाठून सांगणारी घरंही थांबून विचार करोत. केस गळतात, वॉर्डाच्या दारावर पाटी असते, पेशंटला कळतंच. मग तोही गप्प आणि घरचेही गप्प, आणि प्रत्येक जण एकटा. किती जाणून घ्यायचंय हे त्यालाच विचारा. दोन आठवडे झोप नाही, कशात रस नाही, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवतोय, असं असेल तर तो आजारपणाचा भाग म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली मानस ही हेल्पलाइन आहे, तिचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

पैशाची धास्ती माणसाला आतून पोखरते, म्हणून उपचार ठरतानाच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन जा आणि महात्मा जोतिराव फुले योजनेत काय बसतं ते विचारा. सगळ्यांनाच मुंबई गाठावी लागते असं नाही. सोलापूरपासून साधारण ७० किलोमीटरवर बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचंच असेल तर रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्या. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सूट आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. बायोप्सीचा नुसता रिपोर्ट नेऊ नका, स्लाइड आणि ब्लॉकही (तपासलेल्या तुकड्याचे नमुने) मागून न्या, नाहीतर त्यासाठी पुन्हा फेरी होते.

भेटायला जाणाऱ्यांना एवढंच. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नका, फोन करा. फळांच्या टोपलीऐवजी पाणी येणार त्या दिवशी पहाटे जाऊन त्यांच्या घरचं पाणी भरून द्या. केस पेपरच्या रांगेत सकाळी त्यांच्याआधी जाऊन उभे राहा. आणि बसाल तेव्हा त्याला आजाराव्यतिरिक्त दुसरं काहीतरी विचारा.