रात्री साडेबारानंतरची मतं

युरोपातलं कुठलंही मोठं भांडण आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होतं. युरोव्हिजन नावाच्या गाण्याच्या स्पर्धेची अंतिम फेरी तिकडे मे महिन्यातल्या शनिवारी रात्री नऊला लागते. चॅम्पियन्स लीग या फुटबॉल स्पर्धेचे बरेचसे सामनेही नऊलाच. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे, म्हणजे आपले साडेबारा. लंडनमधला मराठी माणूस आठ वाजता ताट मांडीवर घेऊन बसतो आणि झोपायच्या आत त्याचं मत तयार असतं. इथे गाणी संपून गुण मोजून होईपर्यंत साडेचार वाजतात. डोळ्याला डोळा लागतो न लागतो तोच सात वाजता, ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही अशी माणसं आंघोळ करून, ताजीतवानी होऊन मत विचारायला हजर.

प्रश्न तीन असतात आणि एकाच श्वासात येतात. त्या युद्धाचं काय होणार, फुटबॉलला कोण जिंकलं, आणि ते गाण्याचंही काहीतरी असतं ना? ‘मला मत नाही’ हे उत्तर मराठी घरात चालत नाही. आमटीत मीठ कमी की जास्त यावरसुद्धा इथे तटस्थ राहता येत नाही. तेव्हा मत द्यावंच लागतं, आणि ते निदान दुपारच्या जेवणापर्यंत टिकवायचं असेल तर या तिन्ही विषयांत आधी गुण कसे मोजतात ते पाठ हवं. सूर, नैतिकता, डावपेच वगैरे नंतर.

पहिला आक्षेप भूगोलाचा येतो. ‘ऑस्ट्रेलिया युरोपात कधी गेली?’ गेली नाही. पण ती २०१५पासून युरोपात गाते आणि २००६पासून आशियात फुटबॉल खेळते. स्वतःच्या खंडात ती काय करते, हे विचारू नये. इस्राएल १९७४पर्यंत आशियाच्या फुटबॉल संघटनेत होतं. बरेच देश त्याच्याशी खेळायला तयार होईनात म्हणून त्यालाच बाहेर काढलं, आणि १९९४पासून ते युरोपच्या संघटनेचं सदस्य आहे. कझाकस्तानने २००२मध्ये फुटबॉलपुरता आशिया सोडून युरोप धरला. मोरोक्को १९८०मध्ये एकदाच युरोव्हिजनला आलं, गायलं, खालून दुसरं आलं आणि पुन्हा फिरकलं नाही. याचं कारण असं की ही स्पर्धा नकाशावर चालत नाही, सभासदत्वावर चालते. ती भरवते ईबीयू, म्हणजे सरकारी आणि सार्वजनिक टीव्ही-रेडिओ संस्थांची संघटना, आणि ऑस्ट्रेलिया तिथे खास निमंत्रणावरून येते. हाउसिंग सोसायटीसारखंच हे. शेअर सर्टिफिकेट ज्याच्या नावावर तो सभासद; तो राहतो नालासोपाऱ्याला की न्यू जर्सीला, हे सभेत कोण विचारतं?

आता गुण. प्रत्येक देश आपल्या आवडत्या दहा गाण्यांना १२, १०, आणि मग ८पासून १पर्यंत गुण देतो. ११ आणि ९ नाहीत. १९७५पासून हे असंच आहे. २०१६पासून परीक्षकांचा गठ्ठा वेगळा आणि प्रेक्षकांचा वेगळा जाहीर होतो. एका गठ्ठ्यात ५८ गुण, दोन्ही मिळून एका देशाचे ११६. इथपर्यंत सगळ्यांना समजतं. समजत नाही तो अकरावा क्रमांक. अकराव्याला शून्य, आणि पंचविसाव्यालाही शून्यच.

समजा, पंचवीस घरांना आवडत्या दहा भाज्या क्रमाने लिहायला सांगितल्या. दुधीवर कुणाचा राग नाही. पथ्याला चालतो, पोटाला हलका, कोफ्त्यात लपवता येतो. पण प्रत्येक घरात तो अकरावा. एकूण गुण, शून्य. उलट कारलं. वीस घरांत नाव काढलं की तोंडं वाकडी होतात, पण पाच घरांत त्याच्यावरून जीव ओवाळून टाकतात. बारा पंचे साठ! निकाल लागल्यावर दुधीचे नातेवाईक म्हणतात, हे सगळं राजकारण आहे.

ब्रिटनचं नेमकं हे होतं. २०२५मध्ये बाझेलला त्यांच्या गाण्याला परीक्षकांनी ८८ गुण दिले आणि प्रेक्षकांनी शून्य. लगेच ‘सगळा युरोप आमच्यावर डूख धरून आहे’ हे मत बाहेर आलं. हे मत फार वापरलेलं आहे. २००३मध्ये शून्य मिळालं तेव्हा कारण इराक युद्ध होतं, २०२१मध्ये दोन्ही गठ्ठ्यांत शून्य मिळालं तेव्हा ब्रेक्झिट. मग २०२२मध्ये, ब्रेक्झिट झालेलं असतानाच, ब्रिटन ४६६ गुण घेऊन दुसरं आलं आणि त्या वर्षी कुणाला काही कारण द्यावं लागलं नाही. (२००३चं ते गाणं सुरात नव्हतं, ही बारीकशी बाबही लोक विसरतात. युद्ध नसतं तरी ते बेसूरच राहिलं असतं.)

या मोजणीतला दुसरा दोष जास्त गंभीर आहे, आणि तो भारतीय माणसाला चटकन कळायला हवा. आपल्या मतदानयंत्रावर २०१३पासून ‘नोटा’ आहे. युरोव्हिजनमध्ये नकाराचं बटण नाही. शिवाय २०२५पर्यंत एका फोनवरून किंवा कार्डावरून वीस मतं देता यायची. एखाद्या गाण्यामागे निश्चय करून बसलेले लोक वीसच्या वीस मतं तिथेच टाकतात. त्यांच्या विरोधात असलेले लोकही वीस मतं देतात, पण ती पंचवीस गाण्यांत वाटली जातात. विरोध कितीही मोठा असला तरी तो एका जागी साचत नाही. २०२५ला प्रेक्षकांच्या गुणांत इस्राएल २९७ घेऊन पहिलं होतं, परीक्षकांकडून त्याला ६० मिळाले. ऑस्ट्रियाला परीक्षकांचे २५८ आणि प्रेक्षकांचे १७८, एकूण ४३६, आणि ते जिंकलं. त्यानंतर एवढी ओरड झाली की २०२६साठी मतांची मर्यादा वीसवरून दहावर आणली. म्हणजे रोग तोच, डोस अर्धा.

परीक्षकांबद्दल मत देताना आणखी जपावं. ‘काल ती बाई एवढी सुंदर गायली, परीक्षक झोपले होते का?’ नव्हते, पण त्यांनी काल रात्रीचं गाणं मोजलेलंच नसतं. ते आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवर गुण देतात. तुम्ही शनिवारचं गाणं ऐकून शुक्रवारच्या गुणांवर चिडता. ही एक गोष्ट माहीत असली की सकाळच्या चहाला निम्म्या वादात पुढच्याला गप्प करता येतं. उरलेल्या निम्म्यात तो ऐकत नाही.

‘गाण्यात राजकारण नको’ हे मत मात्र कृपा करून देऊ नये. १९७४मध्ये पोर्तुगालचं गाणं तीन गुण मिळवून शेवटच्या जागेवर राहिलं. त्या वर्षी स्वीडनचा ॲबा हा बँड जिंकला म्हणून ते कुणाच्या लक्षातही राहायचं कारण नव्हतं. पण अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री अकराला पाच मिनिटं कमी असताना, लिस्बनच्या रेडिओवर तेच गाणं वाजलं. बंडाच्या तयारीत असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना तो इशारा होता. दुसऱ्या दिवशी हुकूमशाही कोसळली. तीन गुणांत सरकार पाडणारं दुसरं गाणं माझ्या माहितीत नाही. २००९मध्ये स्पर्धा मॉस्कोला होती आणि जॉर्जियाच्या गाण्यात पुतिन यांच्या नावावर श्लेष होता. शब्द बदला म्हटल्यावर जॉर्जियाने नावच मागे घेतलं. त्याच वर्षी अझरबैजानमध्ये एका माणसाला आर्मेनियाच्या गाण्याला मत दिलं म्हणून सुरक्षा खात्याने बोलावून विचारपूस केली. आपल्याकडे शेजाऱ्यांच्या गणपतीचं डेकोरेशन आवडलं म्हणायची चोरी असते, तसंच. फक्त खातं मोठं.

फुटबॉलवाले याबाबतीत जास्त प्रामाणिक. युरोपातल्या स्पर्धांचे गट पाडताना कोणाची चिठ्ठी कोणाबरोबर येता कामा नये याची त्यांच्याकडे यादीच असते. स्पेन आणि जिब्राल्टर एका गटात नाहीत, सर्बिया आणि कोसोव्हो नाहीत. लग्नाच्या पंगतीत धाकट्या काकांना थोरल्यांच्या शेजारी पान वाढायचं नाही, हे वाढपीसुद्धा जाणतात. त्याला कुणी राजकारण म्हणत नाही, व्यवस्था म्हणतात.

माझी तक्रार व्यवस्थेबद्दल नाही, ती केव्हा लिहिली जाते याबद्दल आहे. २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर २४ फेब्रुवारीला हल्ला केला. २५ला रशियाला गाण्यातून बाहेर काढलं, २८ला फुटबॉलमधून. काढलं ते बरोबरच होतं. पण कुठल्या कृत्याला कोणती शिक्षा, हे तेव्हा कुठे लिहून ठेवलं नाही. मग गाझाच्या प्रश्नावर इस्राएलबद्दल तीच मागणी आली तेव्हा दाखवायला नियमच नव्हता. वाद वाढत गेला आणि इस्राएलला ठेवायचं ठरल्यावर व्हिएन्नातल्या २०२६च्या स्पर्धेतून स्पेन, आयर्लंड, नेदरलंड्स, स्लोव्हेनिया आणि आइसलंड बाहेर पडले. यातला स्पेन तर उपान्त्य फेरी न खेळता थेट अंतिम फेरीत जाणाऱ्या पाच मोठ्या देशांपैकी. तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, नियम आधी लिहावा आणि नाव नंतर घालावं. इथे नाव आधी आलं, नियम अजून येतोय.

फुटबॉलमध्ये लोकांना निकालाबद्दल मत नको असतं. त्यांना ऑफसाइड समजावून हवं असतं, तेही सामना चालू असताना. माझी पद्धत अशी. कबड्डीतल्या बोनस रेषेपासून सुरुवात करावी, कारण तिच्यावरून भांडलेलं नाही असं माणूस महाराष्ट्रात सापडणार नाही. कबड्डीत रेषा जमिनीवर आखलेली असते. फुटबॉलमध्ये ती माणसांवरून आखतात आणि माणसं पळत असतात. सोबत्याचा पाय चेंडूला लागला त्या क्षणी तुम्ही विरुद्ध संघाच्या अर्ध्यात, चेंडूच्या पुढे, आणि विरुद्ध संघाच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्याही पुढे असाल तर ऑफसाइड. शेवटचा गडी बहुधा गोलकीपर असतो म्हणून आपण शेवटून दुसरा मोजतो. त्याच्या बरोबरीत असाल तर चालतं. हात मोजत नाहीत. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला हा नियम नाही. हे सगळं सांगायला चार मिनिटं लागतात, आणि बहुतेक वेळा गोल तिसऱ्या मिनिटाला होतो.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, आल्यावर वाद मिटतील असं मानणारे लोक होते. पडद्यामागचे पंच मुख्यतः चार गोष्टी तपासतात: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि भलत्याच खेळाडूला कार्ड दाखवलं का. सगळी गंमत सेंटिमीटरची. टीव्हीचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं टिपतो असं धरा. खेळाडू सेकंदाला आठ मीटर पळत असेल तर दोन चित्रांच्या मधल्या वेळात तो १६ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. आणि पंच रेषा मारणार चार सेंटिमीटरसाठी! म्हणून २०२२मध्ये कतारच्या विश्वचषकात चेंडूच्या पोटातच सेन्सर बसवला, चेंडूची हालचाल सेकंदाला ५०० वेळा सांगणारा. तरी खेळाडूचा हात कुठे संपतो आणि खांदा कुठे सुरू होतो हे ठरवावंच लागतं, आणि ती सीमा आहे काखेच्या तळाशी. अब्जावधींची स्पर्धा अखेर काखेपाशी येऊन ठेपते.

विश्वचषकाबद्दल ‘आता कोण पुढे जाणार?’ असं गटसाखळीत विचारलं तर खरंच उत्तर देऊ नये. २०२६पासून ४८ संघ, चारचार जणांचे १२ गट, १०४ सामने. प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे, शिवाय बारा तिसऱ्यांपैकी आठ. कोणते आठ, यावर कोण कोणाशी भिडणार हे ठरतं, आणि बारातून आठ निवडायचे प्रकार ४९५. नियमावलीत त्या ४९५ शक्यतांचा तक्ता छापलेला आहे. ज्याला कुंडलीतले छत्तीस गुण जुळवताना घाम फुटतो त्याने इकडे वळू नये.

हे सगळं पचवून पहाटे ऑफसाइड पुन्हा एकदा सांगून झालं की एक प्रश्न हमखास येतो, आणि बहुधा ज्याने फुटबॉल कधीच पाहिलेलं नाही त्याच्याकडून. ‘पण त्या रेषेवरच्या झेंडेवाल्याने चेंडू मारणाऱ्याकडे बघायचं की त्या शेवटून दुसऱ्याकडे? दोघं तर चाळीस पावलांवर आहेत.’ दोघांकडे, एकाच क्षणी. ‘माना किती आहेत त्याला?’

एकच.