दाजी, टेक्सासात आकडे कुणी बघत नाही

आमचा चुलतभाऊ आण्णा जुनी पिकअप काढून नवी घ्यायच्या बेतात आहे. अंबड तालुक्यात मोसंबीची बाग, घरचा माल, शिवाय गावातल्या दोन-चार जणांचं भाडं, सगळं त्या एका गाडीवर. घरात दोन पक्ष पडलेत. आण्णा म्हणतो, घेईन तर बोलेरोच. त्याचा पोरगा म्हणतो, टाटाची योद्धा बघा, २०२२ पासून तिच्यात २,००० किलोचं पासिंग, म्हणजे कागदोपत्री तेवढा माल भरायची परवानगी, मिळायलंय. इथवर ठीक होतं. मग पुण्याहून दाजींनी उडी घेतली.

दाजी बँकेतून निवृत्त झालेत आणि तेव्हापासून घरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी काहीतरी लांबलचक लिहितात. यावेळचं सार असं: मराठवाड्यात गाडीसुद्धा भावकी बघून घेतात. एकानं एक घेतली की बाकीचे मुंडी खाली घालून मागं. अमेरिकेत माणूस आकडे मांडतो, तुलना करतो, मगच खिशात हात घालतो. म्हणून ते लोक पुढं गेले. आणि शेवटी मला उद्देशून, 'सांग की रे, तू तिथंच राहतोस.'

मी काही सांगितलं नाही. दाजींना चारचौघांत उलटून बोलायची आमच्यात रीत नाही, आणि बोललं की ताईचा फोन ठरलेला. म्हणून इथं लिहितोय. टेक्सासातल्या लबक गावात अर्धं आयुष्य काढल्यावर 'अमेरिकन माणूस आकडे बघतो' हे काही गिळवत नाही.

टेक्सासात हेवी ड्यूटी, म्हणजे जड कामाच्या मोठ्या पिकअपवाल्यांचे तीन पंथ आहेत: फोर्ड, शेवरोले आणि रॅम. जीएमसीवाले शेवरोलेतच मोडतात, दोन्हींची मालक जीएमच, फक्त त्यांना तसं म्हटलेलं खपत नाही. पंथ जन्मानं मिळतो. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या आजोबाची शेवरोले, बापाची शेवरोले, आणि सासुरवाडी सगळी फोर्डवाली. लग्नाआधी सासऱ्यानं याची गाडी दारात लावू दिली नाही, रस्त्यावर उभी करायला लावली. हा किस्सा तो हसत सांगतो, पण दर थँक्सगिव्हिंगला सांगतो. मागच्या काचेवर दुसऱ्या कंपनीच्या चिन्हावर मुतणाऱ्या पोराचं स्टिकर लावून फिरणारी पन्नाशीची माणसं मी पंपावर रोज बघतो. कंपन्यांनाही ही दुखरी नस सापडलेली आहे. फोर्डची किंग रँच (टेक्सासातलं नावाजलेलं रँच) आणि रॅमची लोन स्टार (टेक्सासचं टोपणनाव) ही नावं कुठल्या आकड्यासाठी ठेवलीत, ते दाजींनी सांगावं. भावकी, भावकी म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते?

आकडे नाहीत असं नाही. ढिगानं आहेत. फोर्डच्या ६.७ लिटर डिझेलचं मोठं रूप ५०० हॉर्सपॉवर आणि १,२०० पाउंड-फूट टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, देतं, शेवरोलेचं ड्युरामॅक्स ४७० आणि ९७५, रॅममधलं नवं कमिन्स ४३० आणि १,०७५. २०१९ च्या मॉडेलला रॅमनं पहिल्यांदा टॉर्कचा १,००० चा पल्ला गाठला, तर पुढच्याच वर्षी फोर्डनं १,०५० करून दाखवला. आण्णाच्या बोलेरोचा टॉर्क आजच्या फोर्डच्या आठव्या हिश्शाच्या आसपास भरेल. हे आकडे इथं सगळ्यांना तोंडपाठ असतात. पण गाडी त्यावरून कुणी घेत नाही. आपल्या पंथाचा आकडा मोठा आला की सोमवारी ऑफिसात छाती फुगवायची, लहान आला की 'टिकाऊपणा बघा' म्हणायचं.

जो आकडा खरोखर कामाचा, तो दाराच्या चौकटीवर पिवळ्या स्टिकरवर छापलेला असतो: या गाडीत माणसं धरून किती वजन चालेल. तो वाचलेला माणूस शोधावा लागतो. डिझेल इंजिन मुळात जड. त्यावर चार दारं, लेदर, सनरूफ, पाय ठेवायला बाहेर येणाऱ्या फळ्या. १०,००० पाउंडाच्या जीव्हीडब्ल्यूआरमधून (गाडी, माणसं, माल मिळून चालणारं कमाल वजन) हे सगळं वजा केलं की तीन-चतुर्थांश टनी म्हणवणाऱ्या कित्येक डिझेल गाड्यांत शिल्लक उरते २,००० पाउंडांच्या आगेमागे. म्हणजे ९०० किलो. आण्णाच्या जुन्या पिकअपचं कागदावरचं पासिंगसुद्धा त्याहून जास्त आहे, कागदाबाहेरचं तर सोडाच.

आणि हे आकडे कुणी ठरवले? ट्रेलर किती ओढता येतो ते मोजायची एक सामाईक पद्धत, जे २८०७, एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संघटनेनं २००८ साली छापली. तोवर जो तो आपापल्या गजानं मोजायचा. पद्धत आल्यावर ती आधी लागू केली टोयोटानं. डेट्रॉइटचे तिघं, म्हणजे फोर्ड, जीएम आणि रॅमवाले, पुढं बरीच वर्षं 'तू आधी, मग मी' करत बसले, कारण खरं मोजलं की आकडा खाली येतो. या काळात टेक्सासात लाखो पिकअप विकल्या गेल्या. सगळ्या म्हणे तुलना करून.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारा कापूसवाला राहतो. 'परदेशी ट्रक घेणार नाही' हे त्याचं ब्रीद. त्याची गाडी रॅम ३५००, जी मेक्सिकोत साल्तियोला बनते. शेवरोले घेतली असती तरी ड्युरामॅक्स इंजिन जीएमनं उभं केलं ते जपानच्या इसुझूला भागीदार घेऊन. आणि त्याच्या शेडमध्ये जो लाल ट्रॅक्टर आहे तो महिंद्राचा. महिंद्रा १९९४ पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकतेय. मी एकदा त्याला म्हटलं, ही आमच्याकडची कंपनी. तो म्हणाला, छे, ही तर ह्यूस्टनची. मी गप्प बसलो. मनातून बरं वाटलं की वाईट, ते अजून कळलेलं नाही.

तीनच पंथ का, याचं उत्तरही आकड्यांत नाही, कोंबड्यांत आहे. फ्रान्स आणि पश्चिम जर्मनीनं अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला, त्याचा वचपा म्हणून १९६४ पासून अमेरिकेनं बाहेरच्या ट्रकवर, पिकअप त्यातच आल्या, २५ टक्के जकात बसवली. कोंबडीचं भांडण कधीच विझलं, जकात राहिली. महिंद्रानंही इथं डिझेल पिकअप आणायचं ठरवलं होतं, डीलरसुद्धा नेमले गेले, पण २०१० मध्ये वितरकाशी फाटलं आणि मामला कोर्टात गेला. नाहीतर आण्णाच्या बोलेरोची थोरली बहीण लबकच्या लूप २८९ रस्त्यावर दिसली असती आणि मला दाजींच्या संदेशाचं एवढं लागलंही नसतं.

अजून एक, मग गावाकडं येतो. डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्सनं १६७.५ कोटी डॉलर दंड भरायचं कबूल केलं. २०१३ ते २०१९ च्या रॅम २५०० आणि ३५०० मिळून सहा लाखांवर गाड्यांत धुराच्या नियमांना बगल देणारी सोय बसवली, असा सरकारचा आरोप. कंपनीनं दोष मान्य केला नाही, पैसे भरले. आता आकडे बघून गाडी घेणाऱ्या समाजात यावर काय व्हायला पाहिजे होतं? माझ्या ओळखीच्या एकाही रॅमवाल्यानं पंथ बदलला नाही. उलट सरकारलाच शिव्या.

आता आण्णा. शोरूमची पायरी चढायच्या आधी आण्णा जालन्याच्या मार्केटात जातो. मोसंबी उतरवायला आलेल्या पिकअप रांगेनं उभ्या असतात, तिथं हा खाली वाकून पाटे बघतो. कुणी एक जादा पाटा टाकलाय, कुणाची कमान बसलीय, टायर आतल्या बाजूनं झिजलंय का बाहेरच्या. ड्रायव्हरला चहा पाजतो आणि विचारतो: माल भरून घाट चढताना दुसरा गिअर लागतो का पहिलाच? हौद्यात क्रेटचे किती थर बसतात, खाली उतरवताना फाळका त्रास देतो का? मग अंबडच्या फिटरकडे. क्लच प्लेट कितीला, सेन्सर गेला तर इथं निघतो का संभाजीनगरला टोचन लावून न्यावी लागते? शेवटी फायनान्सवाल्याकडे, आणि त्याला एकच प्रश्न: हप्ते थकून ओढून आणलेल्या गाड्यांत कोणती लवकर विकली जाते? एवढी तुलना करणारा माणूस मला लबकच्या एकाही डीलरशिपमध्ये भेटलेला नाही. तिथं आधी रंग ठरतो, मग महिन्याचा हप्ता.

हे सगळं करून आण्णा 'बोलेरोच' म्हणतो तेव्हा दाजींना ती मेंढरं वाटतात. अहो, गावात एकाच कंपनीच्या दहा गाड्या असणं हाच तर हिशोब आहे. दहा गाड्या आहेत म्हणून फिटरचा हात बसलाय, फिटर आहे म्हणून सामानवाला माल ठेवतो, माल आहे म्हणून रात्री अकराला शहागडपाशी बंद पडली तरी सकाळच्या लिलावाला माल पोचतो. पहिली गाडी वेगळ्या कंपनीची आणणाऱ्यानं हे सगळं एकट्यानं उभं करायचं. शेवरोलेनं २०१७ च्या शेवटी भारतात विक्री बंद केली, फोर्डनं २०२१ मध्ये कारखाने बंद करतो म्हणून जाहीर केलं. मराठवाड्यात गावोगावी काळीपिवळी चाललेल्या शेवरोलेच्या तवेरा होत्या. गाडी चांगली का वाईट हा मुद्दाच उरला नाही. कंपनी उठून गेली आणि हप्ते मागं राहिले. ज्या कंपन्यांसाठी टेक्सासात सासरे-जावई भांडतात, त्याच या.

आता कुणी म्हणेल मराठवाड्यातले सगळेच असे हिशोबी नसतात. नसतात. गाडीच्या काचेवर 'नाद करायचा नाय' लिहायला खर्च करणारे, पण टायर टकले झाले तरी न बदलणारे माझ्याच भावकीत आहेत. मिरवायची हौस आपल्याला कमी नाही. पण २०१० साली औरंगाबादच्या मंडळींनी एकगठ्ठा १५० मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या, तेव्हा सगळ्या देशानं त्या हौसेच्या बातम्या केल्या. एकत्र गेल्यामुळं बँकेनं ७ टक्के व्याज लावलं, हे थोड्यांच्याच लक्षात राहिलं. दाजी स्वतः बँकेत होते, त्यांना तरी राहायला पाहिजे होतं.

आण्णाला मीही एक गाडी सुचवली होती. एका जपानी कंपनीची, दोन्हीपेक्षा सरस, आजही माझं मत तेच आहे. वर सांगितलं, डाउन पेमेंट मी भरतो. आण्णानं फोनवर नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'गाडी चांगलीच असंल रे. पण रात्री बंद पडली तर तू येणार का?' पुतण्या मागून हसलेलं ऐकू आलं. पैसे राहू दे म्हणाला, बाग यंदा बरी आहे. त्यानंतर या विषयावर मला कुणी विचारलं नाही. दाजींनी विचारलं तेही गाडीबद्दल नाही, अमेरिकेबद्दल.

मला हेच जास्त लागलं असावं. दाजींवर राग काढणं सोपं, कारण दाजीही तिथं राहत नाहीत. आम्ही दोघंही त्या गाडीत कधी माल भरणार नाही, आणि दोघांनाही तिच्याबद्दल मत आहे.

माझी गाडी रॅम २५००, कमिन्स डिझेल. लोकांना मी सांगतो की सरळ सहा सिलिंडर, कमी भानगडी, लांब पल्ल्याला बरी. ते खरंही आहे. पण डीलरच्या आवारात बॉनेट उघडल्यावर मला दिसलं ते परतूरचं जिनिंग. वडील तिथं कामाला होते. लोडशेडिंगच्या काळात मागच्या पत्र्याच्या खोलीत जनरेटर धडधडायचा, त्यावरच्या पट्टीवर 'किर्लोस्कर कमिन्स, पुणे' असं लिहिलेलं. इंग्रजीतली ती पट्टी मी अभ्यासाला बसल्यासारखी वाचायचो. पुण्यात हा कारखाना १९६२ साली निघाला, हे पुढं कळलं. इंडियानातल्या कंपनीचं नाव मला टेक्सासात परतूरचं वाटलं आणि मी सही केली. पिवळं स्टिकर मी घरी आल्यावर वाचलं.

पश्चात्ताप नाही. ती गाडी घेतल्यावर इथले लोक माझ्याशी वेगळं बोलायला लागले. आधी मी कॅमरीतून फिरणारा सिंचनवाला इंजिनिअर होतो, पंपावर कुणी मान वर करून बघत नव्हतं. आता डिझेलच्या नोझलशी उभा राहिलो की कुणीतरी विचारतं, किती मैल झाले, काय ओढता? मी म्हणतो, कधीमधी ट्रेलर. खरं सांगायचं तर ऑफिस, कॉस्टको आणि पोरीचं सॉकर. हौद्यावर कव्हर आहे, ते फक्त दिवाळीला मंडळाच्या खुर्च्या न्यायला निघतं.

म्हणून दाजी, आकडे मांडून गाडी घेणारा माणूस दाखवायचाच असेल तर अंबडला जा, मी तुमच्या उपयोगाचा नाही. आणि मेंढरांचं म्हणाल तर गेल्या खेपेला तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या सात पांढऱ्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. तुमची कोणती ते ताईलासुद्धा किल्लीचं बटण दाबून शोधावं लागलं.