बागेतला तो पक्षी शिक्रा नाहीये, पावशा आहे

बडोद्यात आपल्या मांजलपूरच्या ग्रुपवर कालपासून एक फोटो फिरतोय, की बागेत शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, आलाय, खारींची पिल्लं उचलतो, दिसला की दगड मारून हाकला. कृपा करून दगड मारू नका. फोटो मोठा करून नीट बघितला, तो पावशा आहे, कोकिळेच्या कुळातला, आपले गुजराती शेजारी ज्याला बपैयो म्हणतात तो.

चूक होणं साहजिक आहे कारण राखाडी पाठ, शेपटीवर आडवे पट्टे, आकार, उडण्याची ढब सगळं शिक्र्यासारखंच, छोटे पक्षीसुद्धा फसतात आणि कलकलाट करत मागे लागतात. पण चोच बघा ना, शिक्र्याची आखूड आणि आकड्यासारखी वळलेली असते, याची सरळसर, टोकाला जराशी वाकलेली. डोळ्याभोवती पिवळी कडा. आणि पाय! फोटोत फांदीवर दोन बोटं पुढे दिसतायत, दोन मागे, शिक्र्याची तीन पुढे एक मागे आणि नख्या लांब.

हा मुख्यतः अळ्या खातो, केसाळसुद्धा. माझ्या शेवग्यावर पावसाळ्यात त्या खोडाला गोधडीसारख्या चिकटलेल्या असतात, त्यामुळे मला तर हा पाहुणा हवाच आहे. अंडी मात्र सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात घालतो, बिचारे ते पिल्लू वाढवत बसतात.

आवाज ओळखीचाच आहे, "पेरते व्हा, पेरते व्हा", चढत चढत जातो, कधीकधी रात्रीसुद्धा. आणि समजा शिक्रा असता तरी दगड नकोच, 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण दोघांनाही आहे. तो मेसेज पुढे पाठवला असेल तर हेही तिथे टाका प्लीज.