बाळाच्या नावातले बळ

बाळाला बळाचे, धैर्याचे नाव ठेवायचे असेल तर आधी त्या नावाचा माणूस शोधावा आणि अर्थ नंतर पाहावा, असे माझे ठाम मत आहे. हल्ली जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ज्या घरी पाळणा हलतो त्या घरी मोबाइलवर नावांच्या याद्या उघडल्या जातात, गुरुजींनी काढून दिलेल्या जन्माक्षरावरून एकेक नाव वेचले जाते आणि पुढे ‘शूर’, ‘बलवान’, ‘अजिंक्य’ असा एका शब्दाचा अर्थ दिसला की मंडळींचे समाधान होते. शौर्य, वीर, रुद्र ही नावे वाईट आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. पण ते मूल सात-आठ वर्षांचे झाले आणि ‘माझे नाव हेच का ठेवले?’ असे विचारू लागले, तर त्याला जवळ बसवून सांगावे असे काही आपल्यापाशी असले पाहिजे. ‘यादीत अर्थ चांगला दिला होता’ एवढ्यावर कोणत्याही लेकराची भूक भागत नाही.

या याद्यांवर विसंबू नये याचे आणखी एक कारण आहे. शब्दाचा अर्थ आणि त्या नावाच्या माणसाची कीर्ती यांची तिथे सर्रास सरमिसळ झालेली असते. अर्जुन म्हणजे शूर, असे बहुतेक ठिकाणी छापलेले आढळते. मूळ शब्दाचा अर्थ मात्र पांढरा, शुभ्र, तेजस्वी असा आहे. खालिद या अरबी नावाचा अर्थ चिरकाल टिकणारा. त्याला रणांगणाचा वास लागला तो सातव्या शतकातले सेनापती खालिद इब्न अल-वलीद यांच्यामुळे. लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या माणसाचा पराक्रम त्याच्या नावावर चढवला, आणि कालांतराने तोच शब्दाचा अर्थ होऊन बसला. मला यात चूक काहीच दिसत नाही. नावाला बळ असेच येते, एवढेच मला दाखवायचे आहे.

शब्दशः बळ सांगणारी नावेही जगात पुष्कळ आहेत आणि ती पाहताना मन हरखून जाते. सिंहाचा मोह तर कोणालाच आवरलेला नाही: अरबीत असद आणि हैदर, तुर्कीत अर्सलान, लॅटिनमध्ये लिओ, आणि आपल्याकडे नरसिंह. तैमूर म्हणजे लोखंड. हिब्रू भाषेतल्या गॅब्रिएलमध्ये ‘देव माझे बळ आहे’ असे अख्खे वाक्यच दडलेले आहे. युरोपातल्या जुन्या जर्मन वळणाच्या नावांत अस्वलासारखा धीट तो बर्नार्ड आणि सिंहासारखा धीट तो लिओनार्ड. जपानमध्ये इसामू हे नाव धैर्य या अर्थाच्या चिन्हाने लिहितात. नायजेरियातल्या योरुबा लोकांमध्ये शूर पुरुषाला ‘अकिन’ म्हणतात आणि अकिनपासून सुरू होणारी कितीतरी नावे त्यांच्यात आहेत. त्यांच्याकडे आठव्या दिवशी नाव ठेवतात आणि त्या वेळी मध, मीठ, पाणी अशा एकेका जिनसेबरोबर बाळासाठी एकेक प्रार्थना करतात. आपल्या बारशाला बसलेल्या बायकांना त्या आठव्या दिवसाच्या घरात नेऊन बसवले, तरी त्यांना फारसे परके वाटणार नाही.

अर्थ आणि आयुष्य दोन्ही जुळून आलेले उदाहरण शोधायचे तर मी पंजाबकडे बोट दाखवीन. गुरू गोविंदसिंगांनी १६९९च्या वैशाखीला आनंदपूर साहिब येथे खालसा पंथाची स्थापना केली आणि पुरुषाच्या नावापुढे सिंग, स्त्रीच्या नावापुढे कौर लावण्याची रीत पक्की झाली. त्यांच्या चार मुलांची नावे अजित, जुझार, जोरावर आणि फतेह, म्हणजे न जिंकला जाणारा, झुंजणारा, बलवान आणि विजय. थोरले दोघे चमकौरच्या लढाईत पडले आणि धाकट्या दोघांना सरहिंदमध्ये ठार मारण्यात आले, तेव्हा ते अजून लहान मुले होते. २०२२पासून २६ डिसेंबर हा दिवस वीर बाल दिवस म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. तिथे नाव आधी आले आणि कृती मागाहून आली हे खरे. पण ज्या घरात त्या शब्दांप्रमाणे रोज जगले जात होते, त्या घरातली ती नावे होती, हे विसरता कामा नये.

आता आपल्या नंदुरबारकडे वळते. शिरीष हे एका झाडाचे नाव. त्याचे फूल म्हणजे रेशमाच्या बारीक तंतूंचा झुबका. बोटांनी जरा चोळले तरी कोमेजते. संस्कृत कवींना कोवळेपणाची परिसीमा सांगायची असली की ते याच फुलाकडे जात. आणि या नावाचा शाळकरी मुलगा, शिरीषकुमार मेहता, ९ सप्टेंबर १९४२ रोजी हातात तिरंगा घेऊन नंदुरबारच्या रस्त्यावर पोलिसांच्या बंदुकांसमोर उभा राहिला आणि गोळ्या झेलून कोसळला. तेव्हा त्याला सोळावे वर्ष लागलेले होते. त्याच्याबरोबर लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हेही हुतात्मा झाले. ही पाचही नावे पुन्हा वाचून पाहा. एकाचाही अर्थ शूर असा होत नाही. एकात फूल आहे, एकात धन आणि सुख आहे, एकात चंद्र धारण करणारा महादेव आहे. तरीही नंदुरबारच्या चौकातल्या त्या स्मारकापाशी उभे राहून शिरीष हे नाव उच्चारले, तर त्याहून धीट नाव मला तरी आठवत नाही. जिल्ह्यातल्या एखाद्या आईने मुलाचे नाव शिरीष ठेवले आणि त्याला त्या चौकात नेऊन ही हकीकत सांगितली, तर त्या मुलाला अर्थांची यादी कशाला हवी?

हेच दूरच्या देशातही घडलेले दिसते. पश्तू भाषेत मलाला या नावाचा अर्थ शोकाकुल असा होतो. पण १८८०मध्ये मैवंदच्या लढाईत इंग्रजांपुढे खचू लागलेल्या अफगाण सैनिकांना हाक घालून परत उभे करणारी मलालाई त्या लोकांच्या आठवणीत इतकी पक्की आहे, की पाकिस्तानातल्या स्वातमधल्या एका शिक्षकाने आपल्या मुलीला तेच नाव दिले. त्या मुलीवर २०१२मध्ये शाळेच्या गाडीत गोळी झाडली गेली आणि २०१४मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिला शांततेचे नोबेल मिळाले. बापाने अर्थाकडे पाहिले असते तर हे नाव ठेवलेच नसते. आपल्या बहिणाबाई चौधरी त्याच १८८० साली असोद्याला जन्मल्या. बहिणाबाई या नावात पराक्रमाचा एक अक्षरही नाही, पण ऐन तारुण्यात वैधव्य आल्यावर शेत, घर आणि लेकरे सांभाळून ज्या बाईने शहाणपणाची एवढी कविता मागे ठेवली, तिच्या नावाने आज जळगावचे विद्यापीठ ओळखले जाते.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावांविषयीही मला मनापासून बोलायचे आहे, कारण ती नावे आता लोक लाजेने सांगतात. दगडू, धोंडू, सुपडू, उखर्डू, भिका, नथू. आधीची लेकरे दगावलेली असली की नव्या बाळाला सुपात ठेवत, म्हणून तो सुपडू. उकिरड्यावर टेकवून परत उचलत, म्हणून उखर्डू. देवाकडे भीक मागून मिळालेला तो भिका. दृष्ट लागू नये म्हणून नाक टोचलेला तो नथू. त्या सुपाचे दृश्य जरा डोळ्यांसमोर आणा. धान्य पाखडायचे सूप, त्यात जुन्या लुगड्याची घडी, घडीवर चार दिवसांचे बाळ, आणि मृत्यूला हे लेकरू टाकाऊ वाटावे म्हणून आतून थरथरणारी आई. दगडू म्हणजे दगडासारखा टिक, असा तो आशीर्वाद होता. देवी, पटकी, प्लेग यांच्या तडाख्यात जगून दाखवण्याहून मोठे बळ त्या काळी दुसरे कोणते असणार? बर्नार्डमधले अस्वल आपल्याला भारदस्त वाटते आणि दगडूमधला दगड गावंढळ वाटतो, हे मला फार खुपते. दगडू नाव पुन्हा ठेवा असा माझा आग्रह नाही, पण आपल्या वंशावळीतल्या दगडूची गोष्ट घरातल्या शौर्यला ठाऊक असावी, एवढे मागणे आहे.

सातपुड्यातल्या नावांची तर आपण दखलच घेत नाही. १८५७च्या उठावात इंग्रजांशी लढलेले भिल्ल नायक खाज्या नाईक आणि भीमा नाईक, ११ एप्रिल १८५८ची अंबापाणीची लढाई, हे सगळे आपल्याच डोंगरात घडले. भीमा या नावात तर अर्थ आणि माणूस दोन्ही आहेत.

मुलींच्या बाबतीत आपण अजून हात आखडता घेतो. मुलाला रणजित, मुलीला कोमल, ही वाटणी अजून मोडलेली नाही. जुन्या युरोपात मात्र माटिल्डा म्हणजे युद्धातले बळ, हिल्डा म्हणजे युद्ध, गर्ट्रूड म्हणजे भाल्याचे सामर्थ्य, अशी नावे मुलींनाच ठेवत. आपल्याकडेही दुर्गा, भवानी, विजया, अपराजिता आहेतच; शिवरायांचे नावसुद्धा शिवनेरीवरच्या शिवाई देवीवरून ठेवले गेले असे मानतात. त्याच महाराष्ट्रात मुलींना ‘नकुशी’ म्हणत आलो, आणि २०११मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नको असलेली, हे नाव अंगावर वागवत शाळेत हजेरी देणाऱ्या त्या मुलींना धैर्य वेगळे शिकवावे लागले नसेल.

नाव घाईने ठरवण्याचे कारण नसते, हेही अनेकांना माहीत नसते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली तरी नाव त्याच वेळी द्यावे लागत नाही. पहिल्या १२ महिन्यांत ते विनाशुल्क आणि पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नोंदवता येते. शिवाय १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने वडिलांच्या नावाआधी आईचे नाव बंधनकारक केले आहे. बाळाच्या नावाशेजारी त्याच्या आईचे नाव कायमचे लिहिले जाणार, या गोष्टीचे मला अतिशय समाधान आहे.

हे सगळे आत्ता लिहिण्याचे निमित्त असे की माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली आहे आणि आमच्याकडे नाव ठेवण्याचा मान फुईचा, म्हणजे आत्याचा. वहिनीच्या मनात अपराजिता आहे आणि ते मलाही आवडते. माझे मत मात्र लीला या नावाला आहे. अर्थ पाहाल तर खेळ, क्रीडा. पण १९४२च्या आंदोलनात पती डॉ. उत्तमराव पाटील यांच्या बरोबरीने उतरलेल्या आणि तुरुंगवास भोगलेल्या लीलाताई पाटील आपल्या अमळनेर-धुळे भागातल्या, आणि त्यांच्याविषयी मला त्या पोरीला पुष्कळ सांगता येईल. निर्णय आईवडिलांचा आहे आणि तो मला मान्य असेल. तुमच्या गावाच्या आठवणीत अशी एखादी धीट बाई असेल, मग ती तुरुंगात गेलेली असो, दुष्काळात घर तगवलेली असो की साथीच्या दिवसांत आजाऱ्यांच्या उशाशी बसलेली असो, तर तिचे नाव आणि तिच्याविषयी दोन ओळी खाली अवश्य लिहा. बारशाच्या आधी मी ती नावे वहिनीला वाचून दाखवणार आहे.